धडधाकट

तिसरीतल्या जिज्ञासाला अक्षरं उलटसुलट दिसतात. एक ओळ लिहिता लिहिता ती रडकुंडीला येते. डॉक्टरांनी लिखाण कमी द्यायला सांगितलंय, हे आईने शाळेत जाऊन मिसना सांगितलं. मिस म्हणाल्या, "दिसायला तर चांगली धडधाकट आहे!" आणि चुकलेला प्रत्येक शब्द वीसदा लिहून आणायला लावला.

त्याच आठवड्यात पप्पा आनंदनगरच्या कंपनीतून दुपारीच घरी आले. हाताला हे एवढं बँडेज. आईला म्हणाले, "मशीनमध्ये हात गेला. साहेबांनी बघितलं नि बोलले, बरा होईपर्यंत कामाला हात लावायचा नाय."

जिज्ञासाने पेन्सिल खाली ठेवली. बँडेजवरून हळूच बोट फिरवलं. मग मशीन केवढं असतं, कसं चालतं, विचारतच सुटली. किती दिवसांनी पोरगी एवढं बोलत होती! पप्पाही दुखणं विसरून सांगत बसले.

"पप्पा, मला पण ने ना कंपनीत."

"मशीन बघायचंय?" पप्पा हसले.

"हो." तिने आपला हात त्यांच्यापुढे धरला. "हा लिहायचा हात जाईल ना त्यात?"