पेवातला कंदील

"उतरू काय चाचा?" तरणा हमाल धुळा पेवाच्या तोंडाशी बसला होता. दोन्ही पाय त्यानं आत सोडलेच होते.

"थांब," इमाम म्हणाला आणि कंदील पेटवायला लागला.

झालं! बाळासो व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला. बहात्तरचा दुष्काळ सरून यंदा कुठं हळद बरी पिकली होती. ट्रक येऊन उभा होता आणि हा म्हातारा अजून वात सारखी करत बसलेला. पेव म्हणजे हळद साठवायचा तीन पुरुष खोल खड्डा, माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड. बंद पेवात वाईट हवा धरते, हे हरिपुरात पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून वरचा दगड सरकवायचा, तासभर थांबायचं आणि उतरायचं. पण इमामचा तास काही संपत नसे.

एके काळी हाच इमाम नुसता वास घेऊन सांगायचा, उतरा म्हणून. सांगलीच्या पेठेपर्यंत त्याच्या नाकाचं नाव होतं. पुढं कामात मुरत गेला तसं त्याचं उलटंच होत गेलं. आधी तासाचे दोन तास झाले, मग हवा तपासायला कंदील आला. बावीस वर्षांपूर्वी धाकटा भाऊ बादशहा पेवातच गुदमरून गेला, तेव्हापासून त्यानं हाय खाल्ली असं लोक म्हणत. त्याच्याबरोबर कामाला कुणी टिकत नसे. दुपारी बाकीचे हमाल चिंचेखाली गोल करून जेवत, इमाम पेवाच्या कडेला एकटाच भाकरी मोडत बसे. घरीही तेच. फार एकटं वाटायचं त्याला, पण सांगणार कुणाला?

"इमामभाई, तीस वरसं ह्यातच गेली तुमची," बाळासो म्हणाला. "अजून कळत न्हाई व्हय? आज उशीर झाला तर उद्यापास्नं मी दुसरा मानूस बघनार."

इमामनं मान खाली घातली. पेटल्या कंदिलाला बांधलेली दोरी मात्र तो पेवात सोडत राहिला. कंदील निम्म्या पेवात पोचला. ज्योत झकास जळत होती.

"बगा, जळतोय की!" धुळा म्हणाला. "आठ दिसामागं मीच बरंच उपसून झाकलंय ह्ये पेव. आतली हवा मला ठावं हाय." आणि कडेला हात टेकून तो खाली सरकायला लागला.

इमामनं मागून त्याची बंडी घट्ट धरली. दुसऱ्या हातानं उरलेली दोरी सोडली. कंदील तळाच्या हळदीला टेकला. ज्योत बारीक झाली, थरथरली आणि विझली.

धुळा पाय वर ओढून लांब जाऊन बसला. बाळासोनं ट्रकवाल्याला हातानंच थांबायची खूण केली.

"चाचा," धुळानं विचारलं, "तुमास्नी कसं कळलं?"

"मला कुठं कळलं?" इमाम दोरी गुंडाळत म्हणाला. "कळलं न्हाई म्हनून तर कंदील सोडला. कळलं हुतं ते येकदाच. 'हवा साफ हाय, उतर,' असं म्या बादशहाला सांगितलं तवा."