अर्ध्यावर

“अन् तिची माय कुठं होती तवा?” महानंदानं विचारलं. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

“तिला कुणी विचारलंच न्हाई,” पिंकी म्हणाली. “बापानं परस्पर पाताळाच्या राजाला शब्द दिला. पोरगी फुलं तोडायलती. जमीन फाटली अन् त्यानं तिला रथात घालून नेलं.”

सतरा वर्षांची पिंकी राजेश्वरहून रोज बसनं बसवकल्याणला कॉलेजात जायची. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. तिथल्या लायब्ररीतून तिनं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली होती आणि तूर पाखडणाऱ्या आईला ती आपल्या बोलीत सांगत बसली होती. कादंबरीत ग्रीस देशाचे जुने देव आजच्या शहरात राहत होते. मोबाईल वापरत होते, लिफ्टनं वर-खाली करत होते आणि एकमेकांशी भांडत होते. ती भांडणं निस्तरायला मात्र पिंकीच्या वयाची पोरं जिवावर उदार होत होती.

“घाण देवांनी करायची अन् लेकरांनी काढायची,” महानंदा म्हणाली. “तिकडं बी आपल्यासारखंच म्हण की.”

पिंकी हसली आणि पुढं सांगू लागली. पळवून नेलेल्या पोरीची आई धान्याची देवी होती. लेक गेल्याचं कळल्यावर तिनं रानात काही उगवूच दिलं नाही. दाणा नाही, चारा नाही. माणसं मरायला लागली तेव्हा कुठं बाप नमला. पण तोवर पोरीनं तिकडं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिकडचं खाल्लं की तिकडचंच व्हायचं, असा तिथला कायदा. मग देवांनी बसून मिटवलं. अर्धं वर्ष आईपाशी, अर्धं वर्ष पाताळात.

“अन् ती मानली?”

“मानली.”

“सारी दुनिया उपाशी मारली अन् अर्ध्यावर मानली?” महानंदानं सूप आपटलं. तूर अंगणभर उडाली. “कसली देवी गं ती! समदं हातात असून गप बसली!”

आई एका पुस्तकातल्या बाईवर एवढी चिडलेली बघून पिंकीला गंमत वाटली.

त्याच संध्याकाळी श्रीपतराव घरी आले. चपला काढता काढता ते बायकोला म्हणाले, “उद्या पाव्हणे यायलेत, गुलबर्ग्याकडचे. पिंकीचं तोंड गोड करून सोयरीक पक्की करू. लगीन अठरा सरल्यावर. मी शब्द दिलाय.”

“मला कामून विचारलं न्हाई?”

“बाप मी हाय न्हवं?” ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी महानंदानं हुग्गी, गव्हाची गोड खीर, शिजवली. पाहुण्यांना पोटभर वाढली. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पिंकी आईची साडी नेसून खाली मान घालून बसली होती. डोळे सुजले होते, पण तिला विचारलं कुणी नव्हतं, म्हणून ती काही बोलली नव्हती. मुलाची आई राजूबाई पुढं सरकली. तिनं पिंकीला कुंकू लावलं, चिमटीत साखर घेतली आणि हात तिच्या तोंडाकडं नेला.

महानंदा चुलीपासून उठली ती तशीच आली आणि तिनं राजूबाईचं मनगट धरलं. साखर सतरंजीवर सांडली. एक बांगडी फुटली.

“खाऊ नगंस, पिंकी.”

श्रीपतराव ताडकन उठले. “याड लागलंय का तुला? पाव्हण्यांम्होरं?”

“व्हय. लागलंय.”

त्या देवीच्या हातात सारी पृथ्वी होती. महानंदाच्या हातात एका बाईचं मनगट होतं. तेवढंही ती सोडणार नव्हती.

पाहुण्यांदेखत तमाशा नको म्हणून श्रीपतरावांनी आवाज खाली आणला. “बरं, असं करू. डिग्रीचं एक वर्ष इथं शिकू दे तिला. मग तर झालं?”

“बरोबर हाय,” मुलाचा मामा म्हणाला. “अर्ध्यावर मिटवून टाका, वहिनी.”

“अर्ध्यावर मिटवायला मी देवी न्हाई,” महानंदा म्हणाली.

पिंकी सोडून कुणालाच ते कळलं नाही. श्रीपतरावांनी हात उगारला. तेव्हा साडी सावरत पिंकी उठली आणि आईच्या पुढं येऊन उभी राहिली.

“मला न्हाई करायचं, अप्पा,” ती म्हणाली. “आत्ता न्हाई. तुम्ही ठरवलेलं तर न्हाईच.”

उगारलेला हात तसाच राहिला. मामा उठला. “चला,” तो राजूबाईला म्हणाला, “असल्या बाईच्या पोटची पोरगी आपल्याला नगं.” सगळे भराभर बाहेर पडले. श्रीपतराव हात जोडत त्यांच्या मागं धावले. जीप सुरू झाली.

राजूबाई जीपपर्यंत गेली आणि परत फिरली. महानंदा उंबऱ्यात उभी होती. आता शिव्या येणार, कदाचित थोबाडीतही बसणार, असं तिला वाटलं. तिनं हनुवटी वर केली. येऊ दे.

राजूबाई अगदी जवळ येऊन थांबली. तिचे डोळे लाल झाले होते. बांगडीची काच लागून मनगटावर रक्त आलं होतं, ते तिनं पुसलंही नव्हतं. मामा जीपमधून ओरडत होता. तिनं वळून पाहिलं नाही.

“माझं तोंड गोड केलं तवा,” ती दात आवळून म्हणाली, “माझी माय चुलीपुढनं उठलीच न्हवती.”