नावेच्या फटी

"नाव पाण्यात सोडायची का बागेत ठेवायची, तेवढं सांगा आप्पा. मग सामान देतो," दुकानदार चन्नबसप्पा म्हणाला.

लातूरच्या त्या रंगाच्या दुकानात ईश्वरप्पा मघापासून दोन डब्यांकडं आळीपाळीनं बघत होता. एकात फटी बुजवायची लांबी, दुसऱ्यात राळेचे खडे. त्याची बायको गौरम्मा शेजारच्या बाकड्यावर टेकली होती. सोमवारचा उपास, त्यात एस.टी.त उभ्यानं आलेली. पायांत गोळे आले होते.

गावच्या तळ्यावर ईश्वरप्पा हौशी माणसांना नावेतून फिरवून आणायचा. दोन वर्षं झाली, तळं कोरडं. नाव काठावर उन्हात वाळली आणि फळ्याफळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. इकडं लातूर जिल्हा नवा झाला, कचेरीपुढं बाग झाली, आणि तिथल्या साहेबांनी नाव मागितली, लेकरांना खेळायला. फटी बुजवून, रंग देऊन ठेवा म्हणाले. बागेची राखणही तुम्हीच करा. नाव न्यायला लवकरच ट्रक येणार होता.

"दोन्हीतलं बरं कोणतं?" ईश्वरप्पानं विचारलं.

"बरं-वाईट कशाचं? पाण्यात घालणार असाल तर फटीत सूत कोंबा, वरून राळ तेलात कढवून लावा. मऊ ऱ्हाते, लाकडाला फुगाया जागा देते. पण बागेत उन्हानं पाघळंल. पोरं बसली की उठायचीच न्हाईत."

स्वतःच्या बोलण्यावर तो एकटाच हसला.

"अन् लांबी?"

"दगडावानी बसते. बागेला तीच. फक्त मग नाव पुन्हा पाण्यात घालू नका. लाकूड फुगंल, लांबी हलायची न्हाई. फळ्याच फुटतील."

"औंदा पाऊस झाला तर?"

"गेल्या साली बी असंच म्हणून राळ नेली तुम्ही, आप्पा." चन्नबसप्पाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "सगळी गळून गेली ना?"

ईश्वरप्पा डब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. गौरम्मानं त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील, हे तिला ठाऊक होतं. तिनं गुडघ्यावर हात देऊन उठता उठता मनातल्या मनात शिवाचं नाव घेतलं.

"लांबीच द्या, अण्णा. बागेत ठेवायची हाय."

इतके दिवस घरात हेच बोलणं चाललं होतं, पण एवढं सरळ कुणी म्हटलं नव्हतं.

चन्नबसप्पानं लांबी तोलली, कागदात बांधली, सोबत ती मळायला जवसाच्या तेलाची बाटली दिली. गौरम्मानं दोन्ही पिशवीत ठेवलं. निघायचं, तर ईश्वरप्पा हलेना. त्यानं दुसऱ्या डब्यातला एक खडा उचलला, नाकाशी धरला आणि तसाच धरून ठेवला.

"थोडी राळ बी बांधा."

"आता काय सांगितलं, आप्पा? एका नावेला दोन्ही चालत न्हाईत."

"नावेला न्हाई." ईश्वरप्पानं बायकोकडं न बघता म्हटलं, "हिला पूजेला लागती. धुपाला."

गौरम्माच्या पूजेत आजवर राळ कधी जळली नव्हती. ती रोज उदबत्तीच लावायची.

"हाव," ती म्हणाली, "लागती की." आणि तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.