निळा डबा

निकोलसने बिल टेबलावर आपटलं. "सालोमी, हा मोबाइल कोणाचा गं? नाव माझं, पत्ता माझा. आणि माझ्या घरात सायकलच्या घंटीशिवाय दुसरं काही वाजत नाही!"

नंदाखालच्या डॉक्टर ॲन्सेल्म यांच्या दवाखान्यात त्या आठवड्यात कोणी वाचून घ्यायला आणलेलं हे चौथं बिल. चौघंही डॉक्टरांचेच पेशंट. सालोमी पंचवीस वर्षं तिथली नर्स, तिला कोडं सुटायला वेळ लागला नाही. दोन हजार दोन साल होतं, जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता. तिनेही मागच्या महिन्यात पेशंटांची पन्नास कार्डं विरारच्या एका दुकानात टाइप करायला पाठवली होती. कार्डावर नाव, वय, पत्ता, रेशनकार्डाचा नंबर, दुखणं, सगळं. ते कोणीतरी उतरवून घेतलं होतं आणि लोकांच्या नावांवर फोन काढत सुटलं होतं.

अजून सहाशे कार्डं कपाटात होती. तिने कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवली आणि दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं सगळं तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं आणि एका रिक्षाफेरीत घालवलं होतं. डॉक्टर तिला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचं तिला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जितेश नावाचा एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चपला बाहेर काढून आत आला, म्हणजे वळणाचा मुलगा.

"फोन कंपनीकडून आलोय, आंटी. चौकशी विभाग. बाकीची कार्डं चार दिवस द्या. त्या नावांना कंपनी कुलूप लावेल. मग कोणाच्या बापाला त्यांच्या नावावर फोन काढता येणार नाही."

"देवासारखा आलास रे," सालोमी म्हणाली आणि तिने चहा टाकला. सोबत बशीत सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, ठेवली.

"निकोलस अंकलना तर फारच त्रास झाला असेल," जितेश सुकेळं चघळत म्हणाला. "डाव्या पायात सळई, त्यात ही धावपळ."

"हो ना." सालोमीच्या हातून चहात साखर थोडी जास्तच पडली.

चहा देऊन ती कपाटापाशी गेली, किल्ली चाचपली. मग स्टूल ओढून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा निळा डबा उतरवला. हा डबा वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात खाली यायचा. डॉक्टर त्यातलं एकेक कार्ड वाचायचे आणि मध्येच हसायचे.

"आधी ही ने. डॉक्टरांची लाडकी माणसं. यांच्या नावांना आधी कुलूप लाव, बाकीची पुढच्या आठवड्यात. थांब, नावं वहीत उतरवते. डॉक्टर शिस्तीचे आहेत."

वहीत लिहायला दहा मिनिटं पुरली असती. पण सालोमीच्या हातात जुनी कार्डं आली, की घड्याळाने गप्प बसायचं असा रिवाज होता.

"हा रुडॉल्फ. एवढा दमा, तरी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. डॉक्टरांनी लिहिलंय बघ, 'ट्रम्पेट बंद करावं. ऐकणार नाही.' आणि नाहीच ऐकलं मेल्याने! ही आल्बिना. सुईला अशी भ्यायची! म्हणून इथे लिहिलंय, 'इंजेक्शनआधी सुकेळ्यांचा विषय काढावा.' राजेळी केळ्यांवर बोलायला लागली, की सुई कधी टोचली ते तिला कळायचंच नाही. आणि हा इग्नेशियस. सायकलला फुलांच्या टोपल्या बांधून निर्मळच्या जत्रेला जायचा. दुसऱ्या दिवशी पोट धरून इथे हजर, आणि हातात आमच्यासाठी खाजं."

ते दिवसच चांगले होते. बाहेरच्या बाकावर अख्खं गाव बसायचं, कोणाला काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि तरी कोणाचं काही चोरीला जायचं नाही.

जितेशने हळूच घड्याळ बघितलं. "आंटी, हे सगळे इथलेच ना अजून? कोणी गाव सोडून गेलं असेल तर कंपनीला अडचण होते."

"जातायत कुठे! एकही गाव सोडून गेलेला नाही."

एकेचाळीस नावं झाली. खाली तारीख घालून तिने जितेशची सही घेतली. त्याने ती घाईघाईत केली, डबा पिशवीत टाकला आणि वाकून तिच्या पायाही पडला.

त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेली, तसा आतल्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज आला.

"सालोमी, निळा डबा दिलास?"

ती पडदा सारून आत गेली. डॉक्टर आरामखुर्चीत ताठ बसले होते.

"दिला, डॉक्टर."

"माझी माणसं होती ती."

सालोमी खाली जमिनीवर बसली आणि तिला रडू आवरेना. "माझी नव्हती का? पण तो पोरगा लबाड आहे, डॉक्टर. निकोलसच्या पायातली सळई त्याला कुठून कळली? ती त्या पन्नास कार्डांतच लिहिलेली होती."

"कळलं होतं तुला? आणि तरी दिलास?"

"कपाटातली सहाशे वाचवायची होती. यादी आहे माझ्याकडे, त्याच्या सहीची. आत्ताच चौकीवर नेऊन देते, फोन कंपन्यांनाही कळवायला लावते. यांच्या नावांवर जो फोन काढायला जाईल, तो तिथेच धरला जाईल." तिने पदराने डोळे पुसले. "आणि दोन नोव्हेंबरला मेणबत्त्या लावायला गेलो ना, की एकेकाच्या कबरीपाशी थांबून मी माफी मागेन."