दोन्हीला सारखं पाणी

"अजून भुंकतेय," बिळाच्या तोंडाशी पालथा पडलेला संदेश म्हणाला. "पण आवाज बारीक झालाय, काका."

भिकाजी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. आत अडकली होती ती त्यांची भिंगरी. जॅक रसेल जातीची कुत्री, मांजरापेक्षा जेमतेम मोठी, आणि पायांना क्षणाची उसंत नाही. मुलगी सानिकाने पुण्यात हौसेने घेतली आणि फ्लॅटमधला सोफा तिने फाडला तशी गावी, पावसला आणून बापाच्या गळ्यात मारली. बोटीवरून निवृत्त झालेले भिकाजी आधी चांगलेच तापले होते. पण बायको गेल्यापासून घरात पंख्याशिवाय काही हलत नव्हतं, त्या घरात या एवढ्याशा कुत्रीने असा धुमाकूळ घातला की म्हातारा पहाटे उठून तिच्यामागे धावायला लागला. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मी कुठे पाळलीय? तिनेच मला पाळलंय."

बिळं उकरणं हा या जातीचा जन्मजात धंदा. सकाळी साळिंदराच्या मागे ती देवाच्या राईतल्या बिळात घुसली, आतला जांभा खचला आणि वाट बुजली. फटीतून आवाज येत होता, पण हात पोचत नव्हता. वरून दगड फोडल्याशिवाय ती निघणार नव्हती.

संदेश शेजारचा, आंबा बागायतदार. पहार, घण सगळं घेऊन तो केव्हाचा आला होता. पण राईत देवाला विचारल्याशिवाय पहार मारायची नाही हा गावाचा नियम, आणि तो नियम सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगणारे मानकरी म्हणजे खुद्द भिकाजी. गेल्या वर्षी संदेशला बागेसाठी राईतून पाइप न्यायचा होता. देवाचा कौल डावा, म्हणजे नकाराचा लागला. भिकाजींनी चर खणायला आलेल्या माणसांना हाकलून दिलं, आणि संदेशची नवी कलमं उन्हात वाळून गेली. तोच संदेश आज सकाळपासून उपाशीपोटी इथे मातीत लोळत होता.

"तुम्ही नुसतं हो म्हणा," तो उठून म्हणाला. "दुपारच्या आत काढतो भायेर. देवाला मागाहून नारळ देऊ."

"आधी कौल."

"मागच्या साली मी ऐकलं. आज तुम्ही नका ऐकू."

"तुझी कलमं होती तेव्हा देव होता, आणि आज माझी कुत्री आहे तर दगड?" भिकाजी म्हणाले. "असं नाय होत, बाबा."

देऊळ तिथेच, राईच्या मधोमध. धोंडू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मग फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हुकूम, डावी पडली तर मनाई. धोंडूला भिंगरीचा भारी लळा. नैवेद्यातला भाताचा घास तो रोज तिच्यासाठी बाजूला काढायचा. आज डावी पाकळी त्याने चांगली निथळती भिजवली आणि उजवी पाण्याला नुसती दाखवली, म्हणजे कोरडी उजवीच आधी सुटेल.

संदेशने ते पाहिलं आणि मान खाली घातली. भिकाजींनीही पाहिलं.

"धोंडू," ते म्हणाले, "दोन्हीला सारखं पाणी."

धोंडू बघतच राहिला. "दादा, तिकडे जीव अडकलाय."

"माझाच अडकलाय. काढ आणि परत लाव."

धोंडूने परत लावलं, दोन्हीला सारखं पाणी. बाहेरून भुंकणं येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. भिकाजींनी डोळे मिटून हात जोडले. देवाकडे इतक्या आतून त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं, बायकोच्या दुखण्यातसुद्धा नाही. तेव्हा निदान डॉक्टर होते.

डावी पाकळी सुटली आणि धोंडूच्या पायाशी पडली.

संदेश तडक बाहेर गेला आणि त्याने पहार उचलली. भिकाजी त्याच्यामागून आले. जिथे घाव घालायचा होता नेमके तिथेच जाऊन बसले.

"देवानं तिला मारायला सांगितलान काय?" संदेश ओरडला. "उठा, काका!"

ते उठले नाहीत. संदेशने पहार फेकून दिली आणि तोंड फिरवून तो रडायला लागला. गडी रडतोय याचं भिकाजींना वाईट वाटलं. आपल्याला रडू येत नाही याचं जास्त वाटलं.

बिळातला आवाज आता बंद झाला होता.

खिशात फोन वाजला. सानिका. जेवणाच्या सुट्टीत ती रोज फोन करायची, बापापेक्षा भिंगरीसाठीच जास्त.

"बाबा, कुठाय माझी बाय? स्पीकरवर टाका ना."

भिकाजींनी टाकला. हात आपोआप फटीजवळ गेला.

"भिंगरे! ए भिंगरे!"

जमिनीखालून भुंकणं उसळलं. सकाळसारखं, चढं, एकावर एक, आनंदाने वेडं झालेलं. संदेशने दोन्ही कानांवर हात दाबले.

"ओळखला बघा माझा आवाज!" सानिका खिदळत होती. "काय मस्तीत आलीय! आवाज घुमतोय का असा? कुठे आहात?"

"राईत."

"उन्हाचं फार पळवू नका हं तिला."

"नाय पळवत."

"बरं, ठेवते. मीटिंग आहे मला."

"सानू," भिकाजी घाईघाईने म्हणाले, "ठेवू नको गो. बोल तिच्याशी. जरा वेळ बोलत राहा."