वळणावरचा आवाज

वळताना ट्रकचं पॉवर स्टिअरिंग जोरात कण्हायचं. हमीदभाई मिस्त्रींनी ऑइलची टाकी उघडली, तर आत नुसता फेस. "पाइपाची क्लिप ढिली झालीय. पंप हवा ओढतो, म्हणून बोंबलतो." त्यांनी क्लिप आवळली, ऑइल भरलं आणि ड्रायव्हर सर्जेरावांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवायला लावलं. हवा निघाली, आवाज गेला.

सर्जेराव जिलेबीचे दोन पुडे घेऊन घरी निघाले. आई आणि बायकोचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. प्रत्येक खेपेनंतर दोघींची वेगवेगळी समजूत काढावी लागायची.

घराजवळच्या वळणावर ट्रक गुपचूप वळला. सर्जेरावांनी दारातून डोकावलं, तर सासू-सून एका ताटात जेवत खिदळत होत्या.

"आपलं जमतं हे कळलं तर जिलेबी बंद व्हायची," आई म्हणाली. "स्टिअरिंग कण्हलं की तोंड फिरव."

सर्जेराव पाय न वाजवता मागं फिरले आणि ट्रकचा लांबलचक हॉर्न वाजवला. घरात आले, तेव्हा दोघी दोन भिंतींकडं तोंड करून बसल्या होत्या.

पुडे पाठीमागं लपवून ते म्हणाले, "या खेपेला जिलेबी मिळाली नाही."

"का?" दोघी एका सुरात म्हणाल्या.