जसं बाई करतील तसं

"दोन्ही हात वर," नाचाच्या बाई म्हणाल्या, आणि दुसरीच्या तीस पोरांनी एकेकच हात वर केला.

उजवा. डावा कुणी हलवलाच नाही. तो सगळ्यांनी खांद्यापासून सैल सोडून दिला होता, बोटं जराशी आत वळवून. बाईंचा उजवा हात लोंबत होता ना, अगदी तसाच. पोरांकडे तोंड करून शिकवायचं म्हणजे सगळं उलटं. बाईंचा डावा तो आपला उजवा, हे या पोरांना पहिलीतच अंगवळणी पडलं होतं.

तीन महिन्यांच्या रजेनंतर बाईंचा हा पहिला तास. एका सकाळी त्या उठल्या आणि उजवा हात काही उठला नाही. मग पाय सुधारला, जीभ सुधारली, हात मात्र रुसला तो रुसलाच. आज सकाळी लेकीने त्यांची बटणं लावून दिली, बुटांच्या नाड्या बांधून दिल्या आणि म्हणाली, आई, अजून थोडे दिवस थांब ना. पण थांबायला वेळ कुठे होता? शाळेत मोठ्या बाई नव्या आल्या होत्या. नाचाच्या बाई आजारी होत्या, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की आज तास बघते. जमला तर नाच तुमच्याकडे, नाहीतर हा तास पीटीला आणि तुम्ही वाचनालयात. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. बावीस वर्षांत बाई तासाला एकदाही खुर्चीवर टेकल्या नव्हत्या.

आणि आता मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, वही उघडून.

"अरे, दुसरा हात घरी विसरलात का?" बाईंनी हसून विचारलं. पोरंही हसली. त्यांनी बाईंच्या हाताकडे नीट बघून घेतलं आणि आपला डावा हात आणखी थोडा सैल सोडला.

दोष पोरांचा नव्हताच. पहिलीच्या पहिल्या दिवशी बाई प्रत्येक वर्गाला एकच गोष्ट शिकवायच्या. कान बंद, डोळे उघडे. मी बोलते ते ऐकायचं नाही, मी करते ते बघायचं. सहा वर्षांच्या पोरांना डावं-उजवं सांगत बसलं की वर्ष तिथेच संपतं, म्हणून काढलेली ही युक्ती. सगळ्या शाळेत तिचं कौतुक होतं. आज ती त्यांच्याच गळ्याशी आली होती.

गाणं लावायला पीटीचे सर आले होते. पोरं त्यांना शिट्टी म्हणायची. शिट्टीसरांना सगळं माहीत होतं. बाई जिना कशा चढल्या ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. त्यांनी गाणं सुरू केलं आणि ते बाईंच्या मागे उभं राहून, तोंडात शिट्टी धरून, स्वतःच दोन्ही हात वर-खाली करायला लागले. एवढा दांडगा माणूस भिंतीला टेकून फुलपाखरू झाला, पण एकाही पोराने ढुंकून पाहिलं नाही.

नाचता नाचता बाई वळल्या. डावा हात सुंदर गेला. उजवा मागून, उशिरा, फरफटत आला आणि मांडीवर आपटला. टप्प. लगेच समोर तीस हात मांडीवर आपटले. टप्प. एकाच ठोक्यात. एरवी मागच्या रांगेत कुणीतरी नाक कोरत असायचं, कुणीतरी भलत्याच दिशेला तोंड करून उभं असायचं. आज तसं कुणीच नाही. बाईंच्या कपाळावर घाम आला. थांबावं तरी मोठ्या बाई बघतायत, चालू ठेवावं तरी बघतायत.

गाणं संपलं. मोठ्या बाई आत आल्या. चेहरा नुसता फुलला होता.

"असं मी कुठे पाहिलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "एक हात उमलतोय, एक गळून पडतोय. कसं बसवलंत हे?"

मग त्या बोलतच राहिल्या. वार्षिक समारंभात पहिला नाच हाच ठेवायचा. वाचनालयाचं बाईंनी डोक्यातून काढूनच टाकायचं.

शिट्टीसर तेवढ्यात मध्ये पडले. रजेत घरी बसून बसवलंय बाईंनी, असं त्यांनी बेधडक ठोकून दिलं. बाईंनी फक्त मान हलवायची होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी हळूच मान हलवली.

समोर तीस माना हलल्या.

पहिल्या रांगेतल्या चिमणीची बुटाची नाडी सुटली होती. ती खाली बसून एकट्या उजव्या हाताने गाठ मारू पाहत होती. डावा बाजूला लोंबत ठेवलेला. नाडी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. जिभेचं टोक बाहेर आलं, कान लाल झाले.

"दोन्ही हातांनी बांध की गं," शेजारची कुजबुजली.

"गप. बाईंनी अजून तो हात उचलला नाहीये," चिमणी म्हणाली.

दोन्ही हात वापर गं बाळा, असं बाईंच्या ओठांवर आलं. पण त्यांच्या बोलण्याकडे कोण लक्ष देणार होतं? त्यांनीच तर देऊ नका म्हणून शिकवलं होतं. पोरांकडे पाठ करून त्या मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"मोठ्या बाई, हे मी बसवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे मला झालंय. उद्यापासून यांच्यासमोर दुसरं कुणीतरी उभं करा."